ड्रॉइंगचे पाटील आणि त्यांची भुतं

आमच्या शाळेत पाच पाटील होते. गणिताचे पाटील, पीटीचे पाटील, ऑफिसातले पाटील, शिपाई पाटीलमामा आणि ड्रॉइंगचे पाटील. पहिल्या तिघांना मुलं घाबरायची. पाटीलमामांना तर हेडमास्तरही घाबरायचे. ड्रॉइंगच्या पाटलांना मात्र कोणी म्हणजे कोणी घाबरत नसे. उलट तेच सगळ्यांना घाबरायचे. कुत्रं, पाल, तपासणीला येणारे साहेब, ऑफिसातला फोन, पालकसभा आणि मी, अशी त्यांच्या भीतीची यादी होती. क्रम बदलायचा, पण मी यादीतून कधी बाहेर पडले नाही.

त्यात माझा तरी काय दोष? मी साताऱ्याकडची. आवाज मुळातच खणखणीत, त्यात विज्ञान शिकवायची. वसई रोडला फ्लॅट घेऊन आम्ही राहायला आलो आणि मला या शाळेत नोकरी लागली, तेव्हा स्टाफरूममध्ये माझी खुर्ची नेमकी या गृहस्थांच्या शेजारी आली. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "सर, तो पंखा जरा वाढवता का?" त्यांनी उठून पंखा वाढवला आणि तास नसताना वर्गावर निघून गेले. पुढे आठ दिवस मधल्या सुट्टीत ते मला दिसलेच नाहीत.

पूर्ण नाव हरेश्वर पाटील. राहणार उमेळे, शाळेपासून सायकलवर पंधरा मिनिटं. अंगाने किरकोळ, डोळे मोठे, मान किंचित पुढे. शर्टाच्या खिशात पेन नसायचं, खोडरबर असायचं, आणि पोटावर रबराचा चुरा. बोलण्याची सुरुवात नेहमी एकाच वाक्याने व्हायची, "तसं भिण्यासारखं काही नाही." हे वाक्य आलं की समजायचं, गृहस्थ भ्यालेला आहे. पाऊण तास हेडमास्तरांच्या दाराशी उभं राहून आत जाताना ते स्वतःला हेच सांगायचे, असं पाटीलमामांनी मला शपथेवर सांगितलं होतं.

मुलांवर त्यांनी कधी हात उगारला नाही. कोणी फारच दंगा केला तर ते खडू घेऊन फळ्यावर त्या मुलाचं चित्र काढू लागायचे. मग आपलं नाक कसं येतंय ते बघायला सगळा वर्ग चिडीचूप. त्यांच्या तासाला माझ्या तासापेक्षा जास्त शांतता असायची, हे मी कबूल करते. तेव्हा केलं नव्हतं.

अशा माणसाने भुतांची फिल्म काढली.

झालं असं, की एकदा कुणीतरी शाळेत एका परदेशी कार्टूनची कॅसेट आणली. शनिवारी दुपारी चित्रकलेच्या हॉलचे पडदे लावून पाचवी-सहावीला ती दाखवली. त्यातले राक्षस हिरवे, जांभळे, केसाळ, एकेकाला तीन-तीन डोळे, पण मनाने लोण्यासारखे. एक चिमुरडी त्यांच्या घरात शिरते आणि तेच तिला जपतात, अशी काहीतरी गोष्ट होती. मुलं खदखदून हसत होती. मी मागे बसून वह्या तपासत होते. शेजारी पाटील सर. दिवे लागले तेव्हा बघते तर यांचे डोळे भरलेले.

"काय झालं हो सर?"

"बाई, बाहेरचे राक्षस एवढे प्रेमळ," ते म्हणाले, "मग आमच्या मुंज्याने काय घोडं मारलंय?"

मी हसले. मला वाटलं विषय तिथेच संपला. हा माणूस कधी नव्हे तो माझ्याशी चार शब्द आपणहून बोलला, म्हणजे काहीतरी पेटलंय, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्यांच्या डोक्यात जे होतं ते त्यांनी पुढे हळूहळू, सहा महिन्यांत मिळून मला सांगितलं. लहानपणी ते शाळेत जायचे तो रस्ता त्यांच्या घरामागच्या बावखलावरून जायचा. बावखल म्हणजे वसईच्या वाडीतलं जुनं, गोड्या पाण्याचं खोल तळं. पूर्वजांनी खणून ठेवलेलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत झिरपतं, म्हणून समुद्र आणि खाडी हाकेवर असूनही आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. सरांच्या बावखलात एक गिऱ्हा होता. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत, काठावर आलेल्याला पाय धरून आत ओढणारं. त्याच्या भीतीने छोटा हरेश्वर रोज गावाला वळसा घालून शाळेत जायचा आणि रोज उशिरा पोचल्याबद्दल मार खायचा.

"चार वर्षं मार खाल्ला बाई," ते म्हणाले. "आणि गिऱ्ह्याने मला एकदासुद्धा काही केलं नाही. मारलं ते मास्तरांनी. मग भ्यायला कोणाला हवं होतं?"

हा प्रश्न विज्ञानाच्या पेपरात मी कधी काढला नव्हता.

फिल्मचं नाव ठरलं 'बावखलातली मंडळी'. गोष्ट अगदी साधी. एक मुंजा, एक हडळ, एक खवीस, वाट चुकवणारा एक चकवा आणि गिऱ्हा असे सगळे एका बावखलाच्या काठावर गुण्यागोविंदाने नांदतात. माणसं त्यांना घाबरून पळतात, त्याचं त्यांना वाईट वाटतं. एके दिवशी एक मुलगी वाट चुकून तिथे येते. चकवा शरमेने मान खाली घालतो. मुंजा पिंपळावरून उतरून तिच्यासाठी बोरं आणतो. गिऱ्हा पाण्यातून वर येतो, डोक्यावर शेवाळाची टोपी, आणि हात जोडून म्हणतो, "या, बसा. पाणी घ्या." संपलं. एवढ्यासाठी या गृहस्थाने साडेतीन वर्षं घालवली.

कागद कुठून आणायचे? ऑफिसात जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे पडले होते. एका बाजूला छापलेल्या, दुसरी बाजू कोरी. सरांनी ते सगळे घरी नेले. मासळीच्या लाकडी खोक्यावर शोकेसची काच ठेवली, खाली बल्ब लावला आणि त्यावर एकावर एक कागद ठेवून गिरवायला बसले. मुंज्याचा एक पाय उचलायला दहा कागद. पिंपळावरून खाली यायला तीनशे. कागद पातळ असल्यामुळे मागची छपाई पुढे दिसायची. खविसाच्या पोटावर उलट्या अक्षरांत 'शास्त्रीय कारणे द्या' असं शेवटपर्यंत दिसत राहिलं. तो पेपर माझाच होता.

भुतांचे चेहरे त्यांनी कुठून घेतले हे सगळ्या स्टाफला कळत होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. खवीस म्हणजे थेट आमचे हेडमास्तर; तीच भुवई, तोच पट्ट्यावरून सांडलेला पोटाचा घेर. हेडमास्तरांनी चित्रं पाहिली तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वह्यांत डोकं घातलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हा खवीस फार छान जमलाय पाटील," ते म्हणाले. "रुबाबदार आहे. कोणासारखा तरी वाटतो, आठवत नाही."

"तसं भिण्यासारखं काही नाही सर," पाटील सर पुटपुटले.

हडळीचा आवाज देण्यासाठी त्यांनी माझ्याकडे चिठ्ठी पाठवली. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या बाईला चिठ्ठी! त्यात लिहिलं होतं, 'आवाजात थोडा करारीपणा हवा, तो आपल्याकडे आहे.' अंधश्रद्धेवर दर वर्षी भाषण देणाऱ्या बाईने हडळ व्हायचं? मी तणतणले. आणि मग व्हायचं ठरवलं, कारण दुसऱ्या कोणी केली असती तर मला ते सहन झालं नसतं.

आता शूटिंग. अर्नाळ्याचा पास्कू लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा. वसई ते विरार पट्ट्यातली निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेलेली, चर्चमधलीही आणि मांडवातलीही. तो आनंदाने तयार झाला. पण त्याच्या कॅमेऱ्याला एकेक चित्र टिपता येत नव्हतं; बटण दाबून लगेच सोडलं तरी दोन सेकंद जायचे. परिणामी मुंजा पिंपळावरून उतरायला लागला तो दहा मिनिटं उतरतच राहिला. सर हवालदिल. पास्कूने डोकं चालवलं. व्हीसीआरवर टेप पुढे पळवायचं बटण दाबलं आणि पळणारं चित्र दुसऱ्या कॅसेटवर उतरवलं. मुंजा सरसर उतरला. फक्त चित्रावर आडव्या पांढऱ्या रेघा थरथरत राहिल्या.

"रेघांचं काय करायचं रे?" सरांनी विचारलं.

"सर, पाऊस समजायचं," पास्कू म्हणाला.

सरांनी त्या रात्री बसून प्रत्येक भुताच्या तोंडी 'काय हा पाऊस!' असं एक वाक्य घातलं. हडळीच्या वाट्याला तर दोनदा आलं.

जोडकाम, म्हणजे एडिटिंग, पास्कूने एकट्याने केलं आणि तिथे त्याची सवय आडवी आली. लग्नात नवरा-नवरी जशी दाखवायची तशी त्याने भुतं दाखवली. मुंजा गुलाबी बदामातून उमलत यायचा. हडळ आणि खवीस एकाच फ्रेममध्ये आले की वरून पाकळ्या पडायच्या. गिऱ्हा गोल गोल फिरत कमळात जाऊन बसायचा. सरांनी ते पाहिलं आणि दोन दिवस रजा टाकली. मी हेडमास्तरांकडे बघायचं टाळलं ते पुढे वर्षभर.

पण संमेलनाच्या दुपारी फिल्म लागली आणि काय सांगू! मुलं बाकांवर उभी राहिली. बदाम आला की शिट्ट्या. 'काय हा पाऊस' आलं की सगळा हॉल ओरडायचा. आणि गिऱ्हा वर आला, हात जोडून "या, बसा. पाणी घ्या" म्हणाला, तेव्हा बालवाडीतली एक मुलगी उठून पुढे गेली आणि पडद्यावर हात ठेवून म्हणाली, "मी घेतलं." पाटील सर दाराआड उभे होते. मी त्यांना ओढून पुढे आणलं. त्या दिवशी ते कोणालाही घाबरले नाहीत, मलासुद्धा.

इथे गोष्ट संपली असती तर मी ही लिहायला बसले नसते.

त्या बावखलाची भानगड अशी होती. सातबारावर नाव सरांच्या चुलतभावाचं, जनूदादांचं, आणि ताबा गिऱ्ह्याचा. जनूदादा दोनदा निवडून आलेले. आवाज असा की सभेला लाउडस्पीकर लागू नये. पण बावखलाशेजारून जाताना तेसुद्धा चप्पल हातात घेऊन झपाझप चालायचे. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी ते बुजवायला माणसं लावली होती, त्यातल्या एकाला ताप भरला, आणि नंतर दोन पिढ्या कोणी तिथे फावडं लावलं नाही. आजूबाजूला वाड्या जाऊन बिल्डिंगा उठत होत्या. केळी गेल्या, मोगरा गेला, पानवेली गेल्या. उमेळ्यातल्या त्या कोपऱ्यात तेवढं एक पाणी शिल्लक राहिलं. सरांच्या विहिरीला, त्यांच्या चार गुंठे वाडीला आणि आजूबाजूच्या दहा घरांना तेच जगवत होतं.

गणपतीत गावच्या मंडळाने फिल्म मागितली. सर हरखले. संध्याकाळची आरती झाल्यावर मंडपात फिल्म लागली आणि सगळं उमेळे लोटलं. म्हातारेकोतारे हसून हसून रडले. दुसऱ्या दिवसापासून गावात कोणी कोणाकडे गेलं की यजमान हात जोडून म्हणू लागला, "या, बसा. पाणी घ्या." शाळकरी पोरं बावखलाच्या काठावर जाऊन गिऱ्ह्याला हाका मारू लागली.

मी त्या आठवड्यात गौरीच्या हळदीकुंकवाला सरांच्या घरी गेले होते. त्यांची आय ओट्यावर बसलेली. वय ऐंशीच्या पुढे, नजर घारीची. गिऱ्ह्याची गावातली मुखत्यार तीच. कोणाच्या पोराने काठावर पाय ठेवला की ती ओट्यावरून ओरडायची, "धरील रं तुला!"

"बाई, तुमी शिकलेल्या," ती मला म्हणाली. "ह्याला सांगा कायतरी. ह्याने त्याला मानसाळवला. आता त्याला कोन भिनार? आनि कोन भिनार नाय तर पानी कोन राखनार?"

"आय, अगं भूत नसतंच," मी म्हटलं.

"मना काय सांगतंस? मना काय म्हाईत नाय?" ती म्हणाली. "नसतंय म्हनून तर आपुन सांबालायचं."

सर खाली मान घालून वाटीतला प्रसाद चिवडत होते. मला वाटलं, म्हातारी उगाच काळजी करते.

दिवाळीनंतर जनूदादांनी बिल्डर आणला. बावखल बुजवायचं, वर चार मजली इमारत. सर त्यांच्याकडे गेले. नुसते गेले हेच केवढं धाडस. मी सोबत होते, बाहेरच्या बाकावर.

"दादा, तिथे गिऱ्हा आहे," सर म्हणाले.

जनूदादा एवढे हसले की आतून वहिनी बघायला आल्या. "अरे हरेश, तूच दाखवलंस ना, तो कोनाला काय करत नाय! पानी देतो बिचारा. आमी त्याला वर फ्लॅट देऊ एक."

मग मी माझं विज्ञान काढलं. त्यांच्याच अंगणात खडूने आकृती काढली. हे गोडं पाणी, हे खालचं खारं, वरचं गेलं की खालचं वर येणार, तुमच्याही विहिरीत येणार. जनूदादांनी मन लावून ऐकलं.

"बाई, तुमी छान शिकवता," ते म्हणाले. "पन आता टँकर येतो ना दारात."

दोन पिढ्या एका भुताने जे केलं होतं, ते माझ्या बीएस्सी, बीएडला जमलं नाही. इतका अपमान माझा कधी झाला नव्हता. परत येताना मी सरांवरच डाफरले, "काढा आता दुसरी फिल्म! दाखवा गिऱ्हा कसा गिळतो ते!"

मी रागात बोलले. त्यांनी ते खरं मानलं.

दोन महिने हा माणूस भयानक गिऱ्हा काढायला धडपडला. सुळे काढले, नखं काढली, डोळ्यांत लाल रंग भरला. सकाळी एक चित्र घेऊन यायचे आणि चोरून पाचवीला दाखवायचे.

"भीती वाटते?"

"सर, याचं पोट दुखतंय का?" एकाने विचारलं.

"सर, याला रडवलं कोणी?" दुसरीने विचारलं.

सुळे वाढवले तर तो हसल्यासारखा दिसायचा. नखं वाढवली तर मुलं म्हणायची, याची आई नखं कापत नाही का. मी स्वतः बघितली ती चित्रं. काहीही केलं तरी त्या भुताच्या डोळ्यांत 'तुम्हाला लागलं तर नाही ना' असंच दिसायचं. शेवटी एका मधल्या सुट्टीत त्यांनी सगळे कागद माझ्यासमोर ठेवले. "बाई, येतच नाही हो," म्हणाले. मी त्यांना माझ्या डब्यातली थालीपीठं दिली आणि ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली.

माती घेऊन पहिल्या लॉऱ्या आल्या त्या दिवशी सरांनी नोकरीत पहिल्यांदा न सांगता दांडी मारली. काय केलं ते त्यांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. ड्रायव्हर बाहेरगावचे, हिंदी बोलणारे. त्यांनी फिल्म पाहिली नव्हती. सर लॉरीसमोर जाऊन उभे राहिले.

"इधर पाणी में वो है," ते म्हणाले.

"कौन है?"

"उसका नाम नहीं लेते."

ड्रायव्हरने या माणसाकडे नीट पाहिलं. हात कापतायत, घाम फुटलाय, आवाज निघत नाही. त्याने आपल्या सोबत्यांना हाक मारली, माती तिथेच रस्त्याच्या कडेला ओतली आणि सगळे निघून गेले. पुढे आठ दिवस एकही लॉरी आली नाही.

"सर, अहो तुम्ही घाबरवलंत त्यांना!" मी ओरडलेच.

"मी नाही हो बाई. मी ड्रायव्हरला घाबरलो होतो," ते म्हणाले. "त्याला वाटलं, भुताला."

पण चेहरा फुलला होता. आयने बावखलाकाठी नारळ फोडला. मी विज्ञानाची बाई, पण त्यातलं खोबरं मी मागून घेतलं. आपण जिंकलो असं मला खरोखर वाटलं.

जनूदादा मात्र दोन निवडणुका उगाच जिंकले नव्हते. नवव्या दिवशी दुपारी शाळेत त्यांचा निरोप आला, 'हरेशला सांगा, ड्रायव्हर लोकांना जेवायला बोलावलंय, साइटवर तुझी फिल्म लावतोय. तूपन ये.' डाव उघड होता. फिल्म बघितली की ड्रायव्हरांची भीती गेली, भीती गेली की बावखल गेलं.

"तुम्ही जाऊ नका," मी म्हटलं. मग विचार केला आणि म्हटलं, "नाही, जा. जाऊन सांगा की हे सगळं खोटं आहे. मुलांसाठी काढलंय. खरा गिऱ्हा असा नाही. तुम्ही सांगितलं तर ऐकतील, तुमच्यावर त्यांचा विश्वास बसलाय."

सायकल हातात धरून ते माझ्यासोबत चालत होते. रस्ताभर मी त्यांच्याकडून वाक्य पाठ करून घेतलं. 'ये सब झूठ है. असली वाला ऐसा नहीं है.' चौथीच्या पोरांकडून पाढे घ्यावेत तसं घेतलं. त्यांनी न चुकता दहा वेळा म्हणून दाखवलं.

पत्र्याच्या शेडमध्ये टीव्ही मांडला होता. पाच-सहा ड्रायव्हर जमिनीवर बसून जेवत होते. बाहेर मातीने भरलेल्या लॉऱ्या रांगेत. जनूदादा खुर्चीवर. फिल्म सुरू झालेली. आम्ही शिरलो तेव्हा मुंजा गुलाबी बदामातून उमलत होता आणि एक पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर भाताचा घास हातात तसाच धरून हसत होता. हडळ ओरडली तेव्हा एकाला ठसका लागला. मग गिऱ्हा वर आला आणि सगळे गप्प झाले. त्याने हात जोडले, पाणी दिलं. मिशीवाल्याने डोळे पुसले.

"मास्टरजी," तो वळून म्हणाला, "ये आपने बनाया?"

सरांनी मान हलवली.

"तो वो पानी वाला... सच में ऐसा ही है?"

जनूदादा खुर्चीत पुढे सरकले. मी सरांच्या शर्टाची बाही धरली. एक 'नहीं' म्हणायचं होतं, दहा वेळा पाठ केलेलं. गणपतीनंतर ती फिल्म कोणी बघितली नव्हती. सर टीव्हीकडे बघत होते. गिऱ्हा टोपी सावरत परत पाण्यात निघाला होता.

"हाँ," सर म्हणाले. "बिलकुल ऐसा ही है."

मी बाही सोडली. त्यांचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. रडू पण आलं. कारण त्यांच्या जागी मी असते आणि कोणी मला माझ्याच तोंडाने माझं पोर खोटं आहे म्हणायला सांगितलं असतं, तर मला तरी जमलं असतं का?

फिल्म संपली. ड्रायव्हरांनी हात धुतले. पांढऱ्या मिशांच्या माणसाने बावखलाकडे तोंड करून हसत हसत नमस्कार केला आणि पहिली लॉरी सुरू केली. जनूदादा तिला मागे घ्यायला हातवारे करत बाहेर गेले. मीही बाहेर आले. लॉरीचा मागचा भाग वर उचलला जात होता. मी सरांना हाक मारायला वळले, म्हटलं निदान या घटकेला तरी त्यांनी काठावर असावं.

ते शेडमध्येच होते. एक ड्रायव्हर उशिरा आला होता, त्याची सुरुवात चुकली होती. त्याला दाखवायची म्हणून सर टेप मागे फिरवत बसले होते.